कोवलमची टेकडी आणि तिचे मालक

नूतनीकरणानंतर आपल्या जुन्या, आवडत्या रिसॉर्टवर परतणारा पाहुणा आधी बारीकसारीक गोष्टी शोधतो. जुनी फरशी गेली की राहिली, नाश्त्याची जागा कुठे हलवली, आपण उतरायचो त्या खोलीतून अजून समुद्र दिसतो का. केरळमधल्या कोवलमला मात्र तेवढ्यावर भागत नाही. ‘अशोक’मध्ये राहून आलेला पाहुणा तीसेक वर्षांनी तिथे गेला, तर हॉटेलच्या पाटीवर त्याला वेगळंच नाव दिसतं. नाव बदललं कारण टेकडीचा मालक बदलला. गेल्या नव्वद वर्षांत असं इतक्यांदा झालं आहे, की या टेकडीवरच्या बांधकामाचा इतिहास म्हणजे हा किनारा कुणासाठी, या वादाचाच इतिहास आहे.

त्याची सुरुवात १९३२ची. त्या वर्षी टेकडीवर ‘हॅल्सियन कॅसल’ नावाचा छोटा राजवाडा उभा राहिला. तो बांधला त्रावणकोरच्या महाराणी सेतु लक्ष्मी बाई यांचे पती रामवर्मा यांनी. सेतु लक्ष्मी बाई म्हणजे राजा रविवर्मा यांच्या मुलीची मुलगी. ज्यांच्या छापील लक्ष्मी-सरस्वती मुंबई आणि लोणावळ्याजवळच्या छापखान्यांतून निघून घराघरांतल्या भिंतींवर पोचल्या, ते त्यांचे आजोबा.

१९२४ ते १९३१ या काळात वयात न आलेल्या राजाच्या वतीने सेतु लक्ष्मी बाईंनी राज्य चालवलं. नेमका तोच काळ वायकोम सत्याग्रहाचा. मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून ‘खालच्या’ मानलेल्या जातींना चालू द्यावं, एवढीच मागणी होती. १९२५ मध्ये गांधीजी त्यासाठी महाराणींना भेटले. त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड झाली आणि पूर्वेकडची वाट वगळून बाकीचे रस्ते सर्वांना खुले झाले. पुढे १९३१ मध्ये राजा सज्ञान झाला, महाराणींच्या हातातली सत्ता गेली आणि वर्षभरात कोवलमला हा वाडा झाला. रस्ते कुणाला खुले असावेत हे ज्यांच्या दरबारात ठरलं, त्यांना आता स्वतःसाठी एक निवांत, खाजगी किनारा हवा होता. त्यात गैर काही नाही. पण या टेकडीच्या कथेत वाट हा शब्द इथूनच येतो आणि पुढे सुटत नाही.

संस्थान विलीन झालं. महाराणी बंगळूरला राहायला गेल्या. १९६४ मध्ये राजघराण्याने वाडा सरकारला विकला आणि १९७०च्या सुमारास तो केंद्राच्या पर्यटन विकास महामंडळाकडे आला. परकीय चलनासाठी देश हातघाईवर आलेला तो काळ. परदेशी पाहुणा दिल्ली-आग्रा बघून परत जातो, त्याला आठ-पंधरा दिवस थांबवायचं तर समुद्रकिनारा हवा, असा हिशेब होता. आराखड्याचं काम चार्ल्स कोरिया यांच्याकडे आलं. मूळचे गोव्याचे आणि कामाने पक्के मुंबईकर असलेले कोरिया त्याच सुमारास सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार म्हणून नव्या मुंबईची आखणीही करत होते.

कोवलमचं त्यांचं काम १९६९ ते १९७४ या काळातलं. किनाऱ्यावरचं हॉटेल म्हटलं की वाळूला खेटून उभी उंच इमारत डोळ्यांसमोर येते. कोरियांनी वाळू मोकळी सोडली आणि हॉटेल टेकडीच्या उतारात बसवलं. खोल्या पायऱ्यांसारख्या खाली उतरत जातात. प्रत्येक खोलीला ऊन खायला स्वतःची गच्ची, प्रत्येकीतून समुद्र दिसतो, आणि खाली किनाऱ्यावर उभं राहिलं तर हॉटेलची भिंत अंगावर येत नाही. राजघराण्याने टेकडी घेतली होती एकांतासाठी. इथे टेकडी वापरली गेली ती किनारा मोकळा राहावा म्हणून.

हा विचार तेव्हा कायद्यात नव्हता. किनाऱ्यालगतचा पाचशे मीटरचा पट्टा बांधकामापासून दूर ठेवा, असं पत्र इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं ते नोव्हेंबर १९८१ मध्ये. किनारी नियमनाची अधिसूचना निघाली फेब्रुवारी १९९१ मध्ये. तोवर कोवलमच्याच दक्षिणेकडच्या, दीपगृहाच्या किनाऱ्यावर लॉज, उपाहारगृहं आणि दुकानं अगदी वाळूच्या कडेपर्यंत दाटत गेली. एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर, दोन्ही वाटा बघायला मिळतात.

यानंतरचा बदल रंगरंगोटीचा नव्हता. वाजपेयी सरकारने सरकारी हॉटेलं विकायला काढली. जुहूच्या किनाऱ्यावरचं सेंटॉर विकलं गेलं ते २००२ मध्ये, आणि कोवलमचं अशोकही त्याच वर्षी. घेणाऱ्याने पुढे ते लीला समूहाला दिलं. २०११ मध्ये लीलाने मालकी आर. पी. समूहाला ५०० कोटी रुपयांना विकली आणि व्यवस्थापन स्वतःकडे ठेवलं. दहा वर्षांच्या आत टेकडीचे तीन खाजगी मालक झाले.

प्रश्न उरला तो वाड्याचा. हॉटेल विकताना वाडाही विकला गेला का? केरळ सरकारचं म्हणणं, ही राज्याची वारसावास्तू आहे, ती हॉटेलच्या सामानासुमानाबरोबर जाऊ शकत नाही. खरेदीदाराचं म्हणणं, व्यवहारात जे होतं त्याचे पैसे मोजले आहेत. २००५ मध्ये विधानसभेने वाडा परत घेण्यासाठी खास कायदा केला. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो रद्द ठरवला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही राज्याला दाद मिळाली नाही. अखेर २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाड्याचा ताबा हॉटेलच्या मालकाला द्यायचं ठरवलं. मालकी हक्कासाठी दिवाणी दावा लावण्याचा आपला अधिकार मात्र राखून ठेवला. म्हणजे ताबा एकाचा आणि मालकीचा वाद उघडाच. डावी आघाडी असो की काँग्रेस आघाडी, हा वाडा दोघांनाही पुरून उरला.

म्हणून परतणाऱ्या पाहुण्याची हळहळ मला हास्यास्पद वाटत नाही. जुनी खुर्ची, जुना वाढपी, जुनी सरकारी ढिलाईसुद्धा त्याला आठवते. मात्र त्या हळहळीत एक गफलत असते: आपण पाहिलं तेच मूळ, असं तो धरून चालतो. अशोकच्या काळात राजघराण्यातलं कुणी आलं असतं तर त्यांनाही हेच वाटलं असतं. आणि अशोक सरकारी होतं म्हणून ते सगळ्यांचं होतं असंही नाही. विमानाने येणाऱ्यांसाठी जनतेच्या पैशातून बांधलेलं ते हॉटेल होतं. टेकडीखालच्या विळिंजमच्या कोळ्याला तिथे खोली तेव्हाही परवडत नव्हती आणि आजही परवडत नाही.

त्या कोळ्याला वाळू मात्र मिळत आली. कोरियांच्या आराखड्यातला तेवढा भाग कुणा मालकाच्या मर्जीवर नव्हता, तो टेकडीच्या उतारातच बांधून टाकलेला होता. गाद्या, नळ, पाट्या, दिवे दर दहा वर्षांनी बदलतात. इमारत कुठे उभी करायची हा निर्णय एकदाच होतो. २०१९च्या नव्या किनारी अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवरचा बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून दोनशे मीटरवरून पन्नासवर आणला आहे. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर येत्या काळात जे बांधलं जाईल, त्याचंही कधीतरी नूतनीकरण होईल. तेव्हा लॉबी नवी करता येईल. वाळूवर ओतलेला पाया दीडशे मीटर मागे नेता येणार नाही.