चिपड

झोपेत डोळ्याच्या कोपऱ्यात व पापण्यांच्या कडांवर साचून वाळणारा अश्रू, श्लेष्म व तेलकट स्राव यांचा अवशेष.

उत्पत्ती : बुबुळावरील अश्रुपटलात नेत्रश्लेष्मलेतील पेशींचे श्लेष्म, अश्रुग्रंथींचे पाणी व पापण्यांतील मायबोमियन ग्रंथींचा तेलकट स्राव असतो (पहा : अश्रू). जागेपणी पापण्यांच्या उघडझापीने मृत पेशी व धूळ नाकाकडील कोपऱ्यात सरकतात आणि पाणी अश्रुनलिकेतून नाकात उतरते. झोपेत उघडझाप थांबते, अश्रूंची निर्मिती घटते व मिटलेल्या डोळ्यात पांढऱ्या रक्तपेशी जमतात. हे मिश्रण कोपऱ्यात साचून वाळते.

लक्षणे : निरोगी चिपड अल्प, पांढरट वा फिकट पिवळसर, चिकट किंवा कोरडे असते. जिवाणुसंसर्गात ते दाट, पिवळे-हिरवे होऊन पापण्या चिकटतात, विषाणुसंसर्गात स्राव बहुधा पाणीदार, तर ॲलर्जीत तंतुमय असतो (पहा : डोळे येणे, पापणीदाह). अर्भकांत सततचे चिपड बहुधा अश्रुनलिका पूर्ण न उघडल्याने येते. बहुतेकांची नलिका पहिल्या वर्षात उघडते.

महत्त्व : स्रावाचे स्वरूप निदानास साहाय्यक ठरते. खुपरी या जुन्या नेत्ररोगातही डोळ्यातून स्राव येतो; सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून तिचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये जाहीर केले (पहा : खुपरी). चिपड स्वच्छ हातांनी, ओल्या कापडाने पुसतात. वेदना, लाली किंवा अंधूक दृष्टी असल्यास नेत्रतपासणी आवश्यक असते.