पसा आणि पैरा



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघतेय, तुम्ही काहीतरी लिहा, असं समितीच्या तरुणांनी सांगितलं. आम्ही गिरणीत साचेखात्यात राबलेली माणसं. शाळा अर्ध्यावर सुटली, पुढचं वाचन पाळीवरून आल्यावर दिव्याखाली केलं. मोठ्या ग्रंथांवर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांची एक नाळ गावाकडच्या मातीत पुरलेली आहे. त्या मातीतला एक हिशोब आम्हांला बरेच दिवस मांडायचा होता. तो इथे मांडतो.

हल्ली पेपरात, टीव्हीवर जुन्या गावाची फार स्तुती चालते. म्हणे पूर्वी माणसं एकमेकांच्या शेतात राबायची, मजुरी कोणी मागायचं नाही, सुगीत सगळं गाव एक व्हायचं. यातलं काही खोटं नाही. आम्ही लहानपणी, म्हणजे १९७५ ते १९८० च्या सुमारास, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, खटाव तालुक्यातलं. पाऊस बेताचा, भरवसा सगळा शाळू ज्वारीवर. सुगी झाली की चैत्र-वैशाखात जमीन नांगरून तापत टाकायची. काळ्या रानात हरळी-कुंदा माजलेला असला की एका जोडीचा नांगर चालत नाही, सहा बैल लागतात, कुठे आठ. आता आठ बैल कुणाच्या दावणीला असणार? म्हणून इर्जिक. ज्याचं रान नांगरायचं तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून यायचा, ते आपापली जनावरं घेऊन यायचे, भलरी म्हणत दिवसात काम उरकायचं, आणि मालक सगळ्यांना जेवण घालायचा. ऐपत असली तर बकरं, नाहीतर पोळी. दोघांचा एकेक बैल जुंपून एक जोडी केली की ती सावड. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, हा वारंगुळा. आणि जो दिवस आपण दुसऱ्याचा घेतला तो परत करायचा, त्याला आमच्याकडे पैरा फेडणं म्हणतात. चांगली पद्धत होती. पैसा नसलेल्या माणसाची ती बँकच समजा.

परंतु या बँकेत खातं कोणाचं होतं?

आमची आजी सांगायची, महारवाड्यातला माणूस इर्जिकीला नसायचा असं कधीच झालं नाही. सांगावा घेऊन घरोघर जाणारा आमचा, सरपण फोडणारा आमचा. जेवणाच्या पंगतीला मात्र तो लांब बांधावर, आणि पंगत उठल्यावर जे वाढतील ते. तेही चालवून घेतलं असतं एकवेळ. पण पैरा? गावातला कुणबी दुसऱ्या कुणब्याला म्हणायचा, तुझे दोन दिवस आमच्याकडे निघतात. आमच्या आज्याला असं कोणी जन्मात म्हटलं नाही. आम्ही दिलेला दिवस कोणाच्या हिशोबात धरलाच जात नव्हता, कारण पैरा बरोबरीच्या माणसाशी होतो. महाराकडून घेतलं ते वतनाचं काम, आणि महाराला दिलं ते बलुतं.

हे बलुतं नव्या पिढीला नीट माहीत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. शाळूची कणसं मोडून खळ्यावर आणायची. खळं म्हणजे पाणी मारून चोपलेली, शेणानं सारवलेली गोल जमीन. मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात बांधून फिरवायची, तोंडाला मुसकी. मळलं की वारा बघून वावडीवर उभं राहून उपणायचं. दाण्याची रास झाली की बलुतेदार जमायचे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, मुलाणी, मांग आणि महार. सुताराचं काम मोजता येत होतं, इतके नांगर भरले, इतक्या कुळवांना दांड्या बसवल्या. महाराच्या कामाला मापच नव्हतं. राखण त्यानं करायची, रात्री खळ्यावर त्यानं पडायचं, सारा भरायला पाटलाबरोबर त्यानं जायचं, मयताचा सांगावा परगावी त्यानं न्यायचा, मेलेलं ढोर त्यानं ओढायचं. शिवाय सरकारचा अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं तेही त्यानंच. गावची चाकरी आणि सरकारची चाकरी, दोन्ही एकाच पाठीवर. आणि बदल्यात काय, तर पिकातल्या चार पेंढ्या, राशीवरचं पाटीभर, आणि शेवटी खळ्याच्या बुडाला राहिलेलं मातेरं. तेसुद्धा मागून. आजीचे शब्द आहेत, "माप समद्यांला, आमाला पसा." ओंजळ पुढे केल्याशिवाय आमच्या घरी दाणा आला नाही.

सुगी संपली की आमच्या बाया सरवा वेचायला जायच्या. मोडणीत सांडलेली कणसं रानात वाकून वेचायची. त्यातही कोणाच्या रानात जायचं, कोणाच्या नाही, हे ठरलेलं. आजीची पाठ त्यातच वाकली असं आमचे वडील म्हणत.

आता कोणी म्हणेल, महारांना हक्क होते, जमिनी होत्या. होत्या ना! बेदरच्या बादशहानं अमृतनाकाला बावन्न हक्क दिले ही कथा आपल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असायची. हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन गावोगाव होती. १८७४ च्या वतन कायद्यानं हे सगळं सरकारी कागदावरही आलं. पण एका हाडोळ्याला वारस किती? सगळी भावकी. एकेकाच्या वाट्याला चार तासंसुद्धा येईनात. आणि तेवढ्याशा तुकड्यासाठी सबंध जमातीनं रात्रंदिवस हुकमाची वाट बघत बसायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघालं. गावकामगार, बलुतं, सुगी यांची इतकी बारीक माहिती दुसरीकडे मिळणं अवघड. मात्र ते वाचताना आम्हांला सारखं वाटत राहतं, की लिहिणारा राशीच्या बाजूला उभा आहे, ओंजळीच्या नव्हे.

ओंजळीच्या बाजूनं हिशोब मांडला तो परमपूज्य बाबासाहेबांनी. १९२७ साली 'बहिष्कृत भारता'तून त्यांनी महारकी वतनाची चिरफाड केली. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. मागणी अगदी व्यवहाराची होती. ज्या वतनदाराला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा घेऊन जमीन रयतेसारखी मोकळी करून द्या. बलुत्याची रोख रक्कम ठरवा आणि ती सरकारनं वसूल करावी, म्हणजे खळ्यावर हात पसरायला नको. महार घरी नसला तर त्याच्या बापाला, घरच्या माणसाला कामाला धरतात, हेही त्यांनी सभागृहापुढे ठेवलं. बिल शेवटी १९२९ साली मागं घ्यावं लागलं. विरोध नुसता सरकारचा आणि गाववाल्यांचा नव्हता, हे आपण कबूल करायला पाहिजे. वतन गेलं तर जमीन जाईल, भाकरी जाईल, ही भीती आपल्यातल्याही अनेकांना वाटली. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. उपाशी माणूस हातातला पसा सहजी सोडत नाही. पुढे १९४१ साली वतनी जमिनीवरची जुडी वाढली तेव्हा सिन्नरला परिषद भरली, आणि बाबासाहेब तिथेही उभे राहिले. वतन कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

आमच्या गावात मात्र वतन कायद्याच्या आधीच संपलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या भावकीतली तीन माणसं होती, ती दादरच्या अंत्ययात्रेला होती. ७ तारखेला तिथेच लाखोंनी दीक्षा घेतली, त्यांत तीही होती. ती गावी आली आणि वाड्यावर बैठक झाली. ढोर ओढायचं नाही, सांगावा न्यायचा नाही, बलुतं मागायचं नाही. १९५७ च्या शाळूच्या सुगीत आमचा एकही माणूस खळ्यावर गेला नाही. गावानं उत्तर दिलं. मजुरीला बोलावणं बंद, सरव्याला बंदी, गिरणीतून पीठ दळून मिळेना. आणि हाडोळा, जो इतकी वर्षं एक कुणबी अर्धलीनं करत होता, तो त्यानं सोडून दिला.

नऊ घरं, आणि सगळ्यांची मिळून चार बैलं. हाडोळ्यात हरळी गुडघाभर. सहा बैली नांगराशिवाय काम होईना आणि इर्जिकीला येणार कोण? तेव्हा आमच्या माणसांनी कुदळी घेतल्या. दिवसा पलीकडच्या गावी खडी फोडायला जायचं आणि रात्री चांदण्यात हाडोळा खणायचा. बायका मागून हरळीची मुळं वेचायच्या. पहिल्या वर्षी निम्मं रान झालं. त्यात शाळू झाला तो पायलीनं मोजावा इतकाच. पण तो घरोघर मापानं वाटला. माप मुद्दाम बाजारातून नवं आणलं होतं. अधोली. ती आमच्या घरी आहे, बुडाला छिद्र पडलेली.

दुसऱ्या वर्षी एक घडलं. हाडोळ्याला लागून एका कुणब्याचं रान होतं. फार मोठा शेतकरी नव्हे, एक जोडी बैल आणि नांगर. तो एका सकाळी जोडी घेऊन थेट आमच्या बांधावर आला. कोणी म्हणेल मोठा सुधारक. तसलं काही नव्हतं. आमच्या पडीक रानातली हरळी बांध ओलांडून त्याच्या रानात चालली होती, आणि हरळी काही जात विचारत नाही. आमची चार आणि त्याची दोन, सहा बैलं झाली. तीन दिवसांत हाडोळा नांगरून निघाला. तो आमच्यात जेवला नाही. आपली भाकरी, आपली पाण्याची बिंदगी घेऊन बाभळीखाली वेगळा बसला. बैलांपुढे मात्र आमचा कडबा टाकला तर काही बोलला नाही. आजी हसून सांगायची, "आधी बैलानं आमची वैरण खाल्ली, मालकाला लई वरसं लागली."

गावानं त्याच्यावर डोळा धरला. त्याच्या रानाची इर्जिक ठरली त्या दिवशी एकही जोडी फिरकली नाही. संध्याकाळी तो आमच्या वाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आजोबांना आजवर तो 'काय रं' म्हणूनच हाक मारायचा. त्या दिवशी म्हणाला, "उद्या तुमची बैलं मोकळी हायती का? आमचा पैरा फेडा की."

एवढंच वाक्य. आमच्या घरात ते पन्नास वर्षं सांगितलं गेलं. आजोबा म्हणे काही बोललेच नाहीत, आत जाऊन बैलांना पेंड कालवायला लागले. आजवर आमच्याकडून काम घेणारे पुष्कळ झाले होते. आमचं देणं लागतं असं म्हणत दारात आलेला हा पहिलाच. आणि देणं आमच्याकडून निघतं, याचा कोणाला आनंद होतो का? आमच्या घराला झाला.

वतन कायदा अमलात आल्यावर कब्जेहक्काची रक्कम भरून हाडोळा भावकीच्या नावावर झाला, सामाईक सातबारा, विकायचा तर कलेक्टरची परवानगी. जमीन फार थोड्यांनाच मिळाली होती, म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर केला. लाखोंनी तुरुंग भरले. आमच्या वस्तीतून चौघे गेले होते. ते तुरुंगात असताना त्यांच्या वाट्याची खुरपणी बाकीच्या घरांनी सावडीनं केली. १९७२ च्या दुष्काळात तर कोणाचंच खळं भरलं नाही. सगळं गाव एका रांगेत खडी फोडायला आणि सुकडी घ्यायला बसलं. तो शेजारी त्याच साली पहिल्यांदा आमच्या चुलीवरचं जेवला, असं आजी सांगे. पुढे पाऊस झाला, राशी लागल्या, आणि गावातले काहीजण पुन्हा लांब बसायला लागले. तो नाही बसला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील गिरणीतच होते. मुंबईत राहून खाणार काय, म्हणून हजारो घरांसारखं आमचंही बिऱ्हाड गावी आलं. त्या दोन सुग्या आम्ही हाडोळ्यावर काढल्या. आम्हांला कळतं वय होतं, पात हाकायचं काम आमच्याकडे होतं. वडिलांनी त्या काळात शंभर पानी वहीत पैऱ्याचा हिशोब ठेवला. कोणाची जोडी किती दिवस आली, आपली किती गेली. आजोबांच्या डोक्यात जे होतं तेही त्यांनी उतरवून घेतलं. बौद्धवाड्यातली घरं, धनगरवाड्यातली दोन, मांगवाड्यातलं एक, आणि तो शेजारी. नंतर ट्रॅक्टर आले, तासावर पैसे घेऊन नांगरून देऊ लागले. बैल ठेवणं परवडेना. आमची जोडी बाजारात गेली तेव्हा वडील दोन दिवस जेवले नाहीत.

वही आमच्याकडे आहे. शेवटच्या पानावर त्या शेजाऱ्याच्या नावापुढे वडिलांच्या अक्षरात लिहिलंय, देणे, दीड दिवस. वडील गेले, तोही गेला. त्याचा नातू पुण्याला कंपनीत आहे. मागच्या यात्रेला भेटला तेव्हा आम्ही त्याला वही दाखवली. त्यानं ते पान मोबाईलवर टिपून घेतलं.