गारपगारी

नागपूर प्रांतातील गव्हाची शेते फाल्गुनाच्या सुमारास पिवळी पडू लागली, म्हणजे रयतेची दृष्टी भयाने आभाळाकडे लागत असे. आणि त्या भयाच्या निवारणार्थ गारपगारी नामक, मूळचा नाथपंथी असा ग्रामसेवक असून, पिकांवरील गारा वळविण्याच्या मोबदल्यात त्याला शेतकऱ्यांकडून परंपरेचा हक्क मिळे. मेघ काळवंडले की तो मारुतीच्या देवळापुढे विवस्त्र उभा राहून देवाची करुणा भाकी, प्रसंगी स्वतःचे रक्त सांडण्याचा धाकही घाली. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतांतील जातिजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात या वर्गाची सविस्तर नोंद केली आहे.

ज्या आपत्तीशी तो झुंजे, तिचे स्वरूप असे, की समुद्रावरून आलेली दमट हवा विदर्भाच्या तापल्या भूमीवरून वेगाने वर चढून वरच्या थंड, कोरड्या थरांत शिरते, तेव्हा शून्य अंशाखालीही द्रवच राहिलेले जलबिंदू एखाद्या हिमकणावर गोठत थरावर थर चढवितात, आणि ऊर्ध्वगामी प्रवाहाला तो भार पेलवेनासा होताच गार कोसळते. पक्व गहू आणि संत्र्याचा बहर यांना तेवढे क्षण पुरतात.

गारपगाऱ्याला लबाड म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण संकटासमोर गावाच्या वतीने देह घेऊन उभे राहण्याचे दायित्व त्याने पत्करले होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातील रब्बी पिके आडवी केली, तेव्हा नागपुरात हवामान केंद्र होते, अंतराळात उपग्रह होते; गारा परतविण्याचा खात्रीचा उपाय मात्र तेव्हाही नव्हता, आजही नाही.