गायनाचा जलसा आणि दानाची थैली

ज्युबिलीचें वर्ष जसें आनंदाचें, तसेंच तें ऋण फेडण्याचेंहि असतें. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा जो नेम घालून दिला आहे, त्यांत दासाला मोकळें करावें, गेलेली जमीन ज्याची त्याला परत मिळावी व गरीब झालेल्या भावाला हात द्यावा, हाच मुख्य भाग आहे. म्हणून आमच्या देवळाच्या ज्युबिलीनिमित्त गोरगरिबांच्या मदतीसाठीं हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचा एक जलसा करावा, अशी सूचना जेव्हां पुढें आली, तेव्हां ती प्रसंगास शोभणारीच आहे असें आम्हांस वाटलें. मात्र तिजवर दोन आक्षेप घेण्यांत आले. पहिला असा कीं, गरिबांस द्यावयाचें तर सरळ उचलून द्यावें. तिकीट काढावयाचें, गाणें ऐकावयाचें, आणि खर्चवेंच जाऊन जें उरेल त्यास दान म्हणावयाचें, हें दान कसलें? दुसरा असा कीं, जेथें पैशाची थैली आली तेथें संशयहि आला. दोन्ही आक्षेप विचारी माणसांचे आहेत. त्यांस उपदेशानें उत्तर देण्यापेक्षां इतिहासानें द्यावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

आपल्या देशांत उत्तम गायन-वादन फार दिवस मुख्यत्वें दरबारांत, देवालयांत व श्रीमंतांच्या खासगी बैठकींतच ऐकूं येत असे. गवयाला दरबारचें वेतन असे किंवा धनिकाकडून बिदागी मिळे. ऐकणाऱ्याला तिकीट नसे, आणि सामान्य माणसाला दरबारांत शिरकावहि नसे. ज्या कलेचा श्रोता लोकसमाज नव्हे, ती कला लोकांच्या दुःखासाठीं पैसा कोठून उभा करणार? गायनाच्या जलशांतून दान घडावयाचें, तर आधीं गायनच दरबाराबाहेर यावयास हवें होतें.

हें काम करणाऱ्यांत आपल्याच महाराष्ट्राच्या एका पुत्राचें नांव प्रथम घ्यावें लागतें. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म सन १८७२ मध्यें कुरुंदवाड येथें झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातांत त्यांची दृष्टि अधू झाली. शाळेचा मार्ग खुंटला, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं त्यांनीं गायनाचें शिक्षण घेतलें. गवयाला समाजांत मान नाहीं, ही गोष्ट त्यांस फार बोंचत असे. सन १८९६ मध्यें त्यांनीं मिरज सोडली व पुढें सौराष्ट्रांत तिकीट लावून जाहीर जलसा केला. जो कोणी तिकिटाचे पैसे देईल त्यानें येऊन बसावें व ऐकावें, ही गोष्ट त्या काळीं नवीन होती. ता. ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. तें कोणा एका राजाच्या खजिन्यावर न चालतां लोकांच्या वर्गण्यांवर व बुवांच्या जलशांच्या उत्पन्नावर चाललें.

परंतु याच चरित्रांत एक दुःखाचा भागहि आहे, व तो आम्ही मुद्दाम सांगतों. सन १९०८ मध्यें मुंबईस विद्यालय काढल्यावर पुढें इमारतीसाठीं कर्ज झालें. तें फेडण्यासाठीं बुवा गांवोगांवीं जलसे करीत फिरले. तरी व्याज पुढें धांवतें आणि गाणें मागें राहतें! सन १९२४ मध्यें ते दौऱ्यावर असतां सावकारांनीं जप्ती आणली व ती वास्तु लिलावांत गेली. बुवांच्या निष्ठेंत तिळमात्र उणें नव्हतें. पण उद्यांच्या जलशाच्या भरंवशावर आज खर्च करणें हें थोर माणसालाहि झेपत नाहीं, एवढें या प्रकरणावरून दिसून येतें.

त्याच सुमारास मराठी रंगभूमीवर एक निराळा प्रयोग झाला होता. लोकमान्य टिळक सन १९२० मध्यें निवर्तले, व त्यांच्या नांवें स्वराज्य-निधि उभारण्याचें राष्ट्रसभेनें ठरविलें; त्याचा संकल्प १ कोटि रुपयांचा होता. या निधीच्या मदतीसाठीं ता. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला नाटकगृहांत 'संयुक्त मानापमान' झालें. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि रागदारीवर बसविलेलीं पदें घरोघर पोंचलेलीं. बालगंधर्व यांची गंधर्व नाटक मंडळी व केशवराव भोसले यांची ललितकलादर्श, या दोन मंडळ्या म्हणजे एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. रसिकांतहि दोन तट पडलेले. असे ते दोघे गायक-नट एकाच रंगमंचावर उभे राहिले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर झाले. तो प्रयोग मराठी माणूस अद्याप विसरला नाहीं. त्यानंतर तीन महिनेहि झाले नाहींत तोंच, ता. ४ ऑक्टोबर रोजीं, केशवराव ऐन तारुण्यांत वारले.

येथें पहिल्या आक्षेपाचें अर्धें उत्तर मिळतें. नुसता वर्गणीचा कागद फिरविला असता तर पैसा थोडाबहुत जमलाच असता. पण ते दोन प्रतिस्पर्धी एकत्र आले असते काय? दोन्ही तटांचे रसिक खांद्याला खांदा लावून बसले असते काय? चांगल्या कार्यासाठीं केलेला जलसा पैशाबरोबर माणसेंहि एकत्र आणतो. ज्या धर्मग्रामांत आळीआळीची ईर्षा आहे, आणि ती कोठें नाहीं, तेथें हा लाभ कांहीं लहान नव्हे.

यानंतर बरोबर पन्नास वर्षांनीं असाच एक प्रयोग सातासमुद्रांपलीकडे झाला, आणि त्यांत आमच्या दोन्ही आक्षेपांची कसोटी लागली. नोव्हेंबर १९७० मध्यें पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झालें व लाखों माणसें मेलीं. पुढें ता. २५ मार्च १९७१ रोजीं रात्रीं तेथें पाकिस्तानी सैन्यानें संहार आरंभिला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारें १ कोटि निर्वासित हिंदुस्थानांत आले. त्यांच्या छावण्यांत पटकीनें मुलें मरत होतीं, व मदर तेरेझा यांच्या भगिनी तेथें अहोरात्र सेवा करीत होत्या.

सतारवादक पंडित रविशंकर त्या वेळीं अमेरिकेंत होते. त्यांचें घराणें मूळचें पूर्व बंगालच्या जेसोर जिल्ह्यांतील, व त्यांचे गुरु उस्ताद अल्लाउद्दीन खां हेहि पूर्व बंगालचेच. एक जलसा करून २५ हजार डॉलर तरी पाठवावेत, असें त्यांच्या मनांत आलें. ही गोष्ट त्यांनीं आपले शिष्य व मित्र जॉर्ज हॅरिसन या प्रसिद्ध इंग्रज गायकाच्या कानीं घातली. हॅरिसननें आपल्या स्नेह्यांस गोळा केलें आणि अवघ्या कांहीं आठवड्यांच्या तयारीनें ता. १ ऑगस्ट १९७१ रोजीं, रविवारीं, न्यूयॉर्क शहरांतील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या प्रचंड सभागृहांत दुपारीं व रात्रीं असे दोन जलसे झाले. दोन्ही मिळून सुमारें ४० हजार श्रोते आले होते.

जलशाचा आरंभ आपल्या संगीतानें झाला. रविशंकरांची सतार, अल्लाउद्दीन खांसाहेबांचे पुत्र उस्ताद अली अकबर खां यांचा सरोद, मुंबईकर उस्ताद अल्लारखा यांचा तबला, व कमला चक्रवर्ती यांचा तंबोरा. हें संगीत लक्ष देऊन ऐकावें व तें चालूं असतां धूम्रपान करूं नये, अशी विनंती श्रोत्यांस करण्यांत आली. मग वादकांनीं वाद्यें सुरांत लावलीं. तोंच श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला! वाद्यें लावणें इतकें आवडलें असेल तर प्रत्यक्ष वादन अधिकच आवडेल अशी आशा आहे, असें रविशंकर हंसून म्हणाले. नंतर त्यांनीं बंगालच्या लोकसंगीतावर आधारलेली एक धून वाजविली. त्या तरुण श्रोत्यांपैकीं बहुतेकांस रागाचें नांवहि ठाऊक नव्हतें, आणि बंगाल कोठें आहे हें सांगणारेहि थोडेच असतील. पण ज्यांचें दुःख निवारावयाचें, त्यांच्याच मातीचा सूर त्यांनीं प्रथम ऐकला. पहिल्या आक्षेपाचें उरलेलें उत्तर येथें आहे. थैलींत पडलेलें नाणें गरिबाच्या पोटापर्यंत पोंचतें. गाण्याच्या द्वारें गरीब माणूस स्वतः दात्याच्या अंतःकरणापर्यंत पोंचतो.

आतां हिशेबाकडे वळूं. दरवाज्यावरील उत्पन्न २,४३,४१८ डॉलर व ५० सेंट झालें, आणि तें संयुक्त राष्ट्रांच्या बालकनिधीस, म्हणजे युनिसेफ या संस्थेस, लागलीच देण्यांत आलें. सेंटापर्यंतचा आंकडा आज सर्वांस ठाऊक आहे, ही शोभेची गोष्ट आहे. परंतु जलशाच्या ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांपासून जें याहून कितीतरी मोठें उत्पन्न झालें, त्याची कथा निराळी. जलशाच्या आधींच धर्मादाय संस्थेच्या नांवें रीतसर व्यवस्था केलेली नव्हती. त्यामुळें अमेरिकन सरकारच्या कर-खात्यानें त्या उत्पन्नास करमाफी नाकारली, व लक्षावधि डॉलर कित्येक वर्षें अडकून पडले. सन १९८५ पर्यंत सुमारें १ कोटि २० लाख डॉलर मदतीस गेले खरे, पण सन १९७१ मध्यें छावणींत पडलेलें मूल तोंपर्यंत थांबूं शकत नव्हतें. हेतु निर्मळ, कलावंत जगन्मान्य, श्रोते उदार; उणीव राहिली ती फक्त कागदाची. आणि ती उणीव भुकेल्यांच्या वांट्यास आली.

आमच्या शास्त्रांत या दोन्ही गोष्टी फार पूर्वीं सांगून ठेवल्या आहेत. बेथानी येथें मरियेनें प्रभूच्या चरणांस मोलवान् तेल लाविलें, तेव्हां हें तेल विकून पैसे गरिबांस कां दिले नाहींत, असा आक्षेप निघाला. तो आमच्या पहिल्या आक्षेपाचाच सख्खा भाऊ होय. प्रभूनें मरियेचा पक्ष घेतला. जें सुंदर आहे तें प्रेमानें वाहिलें असतां तो अपव्यय होत नाहीं. पण संत योहान तेथेंच हेंहि नोंदवितो कीं, आक्षेप घेणाऱ्या यहूदापाशीं थैली असे, व तो तींतून चोरी करी. म्हणजे सौंदर्याचा कैवार आणि थैलीची सावधगिरी एकाच प्रसंगीं शिकविली आहे. संत पौलानेंहि यरुशलेमांतील गरिबांसाठीं वर्गणी जमविली, तेव्हां ती एकट्यानें नेली नाहीं. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायांत त्यानें आपला हेतु स्पष्ट केला आहे: केवळ देवासमोर नव्हे, तर माणसांसमोरहि व्यवहार निर्दोष दिसावा, म्हणून त्यानें मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें बरोबर घेतलीं. प्रेषितानें ज्याची लाज मानली नाहीं, तो हिशेब देण्याची लाज आम्हीं कां मानावी?

कोणी म्हणेल, रागदारी हें आपल्या देवळाचें संगीत नव्हे. त्यांस आम्ही स्मरण देतों कीं, फादर थॉमस स्टीफन्स यांनीं सन १६१६ मध्यें ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केलें, तें ओंवी छंदांत. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें सन १९६३ मध्यें उपासनेविषयींच्या आपल्या घोषणापत्रांत देशोदेशींच्या संगीतपरंपरांस योग्य मान द्यावा असें सांगितलें. अंधेरीच्या ज्ञान-आश्रमांत फादर जॉर्ज प्रोक्श यांनीं भारतीय सुरांत ख्रिस्ती भजनें रचलीं, तीं अनेक देवळांत गाइलीं गेलीं. सूर हा परका नसतो. त्यास परकें ठेवणारे आपणच.

तेव्हां आमच्या जलशासंबंधीं इतिहासाचा आदेश थोडक्यांत असा. पहिलें तिकीट विकण्यापूर्वीं मदत कोणास जावयाची, हें ठरवून जाहीर करावें, आणि कायद्याची नोंद व परवानगी आधींच घ्यावी. मुख्य गायकानें आपली बिदागी सोडली तर तें त्याचें दान. पण तबलजी, पेटीवाला, मंडपवाला यांची मजुरी देऊन टाकावी, कारण कामकरी आपल्या वेतनास पात्र आहे. खर्चासाठीं कर्ज काढूं नये. खर्चाचा भार वेगळ्या देणगींतून भागवावा, म्हणजे तिकिटाचा रुपया अखंड गरिबास जाईल. थैली एकाच्या हातीं नसावी, आणि जमाखर्च ठरल्या तिथीस देवळाच्या दारावर लावावा. ज्यांस तिकीट झेपत नाहीं त्यांसाठींहि कांहीं जागा राखाव्यात. ज्यांच्या नांवें गाणें, त्यांनींच बाहेर उभें राहावें हें बरें नव्हे. आणि तंबोरा लागत असतां आपणहि शांत बसावें, टाळीची घाई करूं नये!

ज्या प्रभूनें पक्ष्यांस कंठ दिला व भुकेल्यांस आपलें म्हटलें, तो आमचा सूर आणि आमचा हिशेब दोन्ही शुद्ध राखो, अशी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतों.