कुत्र्याची झोप सांगते त्याची प्रकृती

जळगाव/धुळे (प्रतिनिधी) - संस्कृत सुभाषितकारांनी विद्यार्थ्याची जी पाच लक्षणे सांगितली, त्यांत श्वाननिद्रेचाही समावेश आहे. पाचोळा वाजला तरी कान टवकारणारा कुत्रा पाहूनच ही उपमा सुचली असावी. विद्यार्थ्याला ती भूषणावह असेल. पण ज्या कुत्र्याच्या वाट्याला दिवसरात्र तेवढीच सावध झोप येते, तो सुखात आहे असे म्हणता येत नाही.

प्रौढ कुत्रा दिवसाचे साधारण १२ ते १४ तास झोपतो, लहान पिल्ले १८ ते २० तास. ही झोप माणसासारखी सलग नसते. ऑस्ट्रेलियात १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शहरी कुत्र्यांची रात्र सरासरी १६ मिनिटे झोप आणि ५ मिनिटे जाग अशा तुकड्यांत विभागलेली आढळली. त्यामुळे कुत्रा रात्री वारंवार उठून फेरी मारत असेल, तर त्यात काळजीचे कारण नाही. झोपेत पाय झाडणे, मिशा थरथरणे, दबक्या आवाजात भुंकणे हेही स्वाभाविक आहे. अशा वेळी त्याला हलवून जागे करू नये. दचकून उठलेला घरचा कुत्राही चावू शकतो, हे मुलांना आवर्जून सांगावे.

खानदेशात कुत्र्यांची झोपण्याची तऱ्हा ऋतूप्रमाणे पालटते. हिवाळ्यात धुळ्याचा पारा कधी सहा अंशांच्याही खाली उतरतो. तेव्हा चहाच्या टपरीजवळच्या उबदार राखेत नाक शेपटीत खुपसून, अंगाचे वेटोळे करून पडलेले कुत्रे पहाटे हमखास दिसतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की तेच कुत्रे रांजणाखालच्या ओलीत, उभ्या ट्रकच्या सावलीत किंवा केळीच्या बागेत ठिबकच्या नळीशेजारी माती उकरून पोट टेकवतात. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यत्वे पंजांच्या तळव्यांना. बाकी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. पोटावरचे केस विरळ असल्याने गार मातीचा स्पर्श त्याला उपयोगी पडतो. बागेची नासधूस केली म्हणून त्याला काठी दाखवणाऱ्यांनी निदान उन्हाळ्यापुरता तो खड्डा राहू द्यावा.

मात्र पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेला कुत्रा भर दुपारी निपचित पडला असेल, तर ती झोप समजू नये. हाक मारूनही तो मान उचलत नसेल, तोंडाला चिकट लाळ आणि हिरड्या लालभडक असतील, तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी फारच थोडे मालक करतात. कुत्रा गार जागी शांत झोपला असताना त्याची छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते, ते घड्याळ लावून मोजावे. निरोगी कुत्र्यात हा आकडा सहसा ३० च्या आत असतो. तो सतत त्याहून अधिक येत असेल, तर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असण्याची शक्यता असते. चपट्या नाकाचा पग बसल्या बसल्या किंवा हनुवटी उशीवर टेकवून डुलक्या घेतो. मोबाइलवर अशी दृश्ये पाहून हसू येते खरे, पण पुष्कळदा ती श्वास मोकळा ठेवण्याची धडपड असते.

एरवी खेळकर असलेला कुत्रा अचानक दिवसभर झोपू लागला, अन्नाला तोंड लावेना आणि हिरड्या फिकट दिसू लागल्या, तर गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची शंका घ्यावी. म्हातारा कुत्रा रात्रभर घरात भटकत असेल आणि दिवसा झोपत असेल, तर सांधेदुखी किंवा वार्धक्यातील विस्मरण हे कारण असू शकते. रस्त्यावरचा कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसला असेल, त्याचा जबडा लोंबत असेल व लाळ गळत असेल, तर रेबीजची शक्यता धरून त्याच्या जवळ जाऊ नये.

झोपेचे तास मोजून मात्र सर्व काही कळत नाही. बुडापेस्ट येथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही कुत्र्यांना आधी मालकाचा सहवास व खेळ मिळाला, तर दुसऱ्या वेळी त्यांना एकटे बांधून ठेवण्यात आले. त्रास झालेले कुत्रे उलट लवकर झोपी गेले. पण त्यांची गाढ झोप कमी भरली. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या २०१६ मधील पाहणीत निवारागृहातील जे कुत्रे दिवसा अधिक विसावत होते, ते अधिक निवांत आढळले. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांचा कुत्रा रात्रभर मेंढरांभोवती जागतो आणि दिवस उजाडल्यावर कळपाच्या कडेला कुशीवर आडवा होऊन, पाय ताणून पडतो. कोणी त्याला ऐदी म्हणेल. पण पोट व छाती उघडी टाकून कुत्रा झोपतो, तो आसपासच्या माणसांवर भरवसा असला तरच.