वर्गातला धडा, चित्रफितीवर

2020 सालच्या जून महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या वर्गाला शिकवले. कराडचे सारे वर्ग मार्चपासून बंद होते. समोरच्या बाकावर चार पुस्तके रचून त्यांना मोबाइल टेकवलेला, पाठीमागे फळा, आणि मी पानिपतच्या पराभवाची कारणे सांगतो आहे! इतकी वर्षे शिकवलेला विषय, पण पाच मिनिटांत घसा कोरडा पडला. सवयीने 'कळलं का?' असे विचारले आणि उत्तराची वाट पाहत थांबलो. त्या चित्रफितीत ते थांबणे अजून तसेच आहे. नको तो भाग कापून टाकायची विद्या मला तेव्हा येत नव्हती.

असे धडे आता यूट्यूबवर हजारोंनी सापडतात, आणि हे सारे करोनाने आणले अशी पुष्कळांची समजूत आहे. इतिहासाच्या मास्तराला ती मान्य करता येत नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याच्या आधी, 1912 साली, कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्याने टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता उलगडली. त्यांचा हेतू भांडवल मिळवण्याचा होता, शिकवण्याचा नव्हे. पण झाला तो वनस्पतिशास्त्राचा धडाच. खडूने जे काढून दाखवता येत नाही ते कॅमेरा दाखवू शकतो, हे त्या वाटाण्याने दाखवून दिले.

धडा लांबवर पोचवण्याची खरी परीक्षा मात्र आपल्याच मुलखात झाली, आणि तीही कॅमेऱ्याशिवाय, आपल्या या रेडिओवर. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे 150 खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन केली. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा असे ते पाच जिल्हे. आमचे कराड त्या वेळी उत्तर साताऱ्यातच मोडत होते. आठवड्याला दोन, असे अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावच्या कारभाराचे. संध्याकाळी गावातली वीसेक माणसे जमत, कार्यक्रम ऐकत, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलत. एकजण टिपणे घेई. मंडळींच्या शंका पुण्याला कळवल्या जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून येत.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची तपासणी केली, ती मोठी चोख होती. काही गावे मंडळ असलेली निवडली, काही नुसता रेडिओ असलेली, काही रेडिओच नसलेली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून पाहिले. जिथे मंडळ होते तिथे लोकांची माहिती चांगलीच वाढलेली आढळली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे वाढ किरकोळ. वास्तविक आवाज तोच, शब्द तेच. फरक पडला तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या बोलण्याने.

पुढच्या काळात आपण यंत्रे वाढवीत गेलो. ऑगस्ट 1975 पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचले. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण जतची शीव ओलांडली की लागणारा विजापूर जिल्हा होता. 15 ऑगस्ट 1984 ला विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर आला. त्याच साली पुण्यात 'बालचित्रवाणी' निघाली आणि 2017 मध्ये बंदही पडली. कराडच्या यशवंतराव चव्हाणांच्या नावाने 1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ झाले. त्याने पुस्तकांच्या जोडीला गावोगावी अभ्यासकेंद्रे ठेवली, हे शहाणपणाचे केले.

2003 मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल सुरू केले. इंटरनेटवरून आता पवईचा प्राध्यापक कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलाच्या खोलीत येऊन शिकवतो. पूर्वी धड्याची वेळ दिल्ली ठरवीत असे, आता तो मुलगा ठरवतो. मध्येच थांबवतो, मागे नेतो, पुन्हा ऐकतो. वर्गात 'सर, परत सांगा' म्हणायचे धाडस किती जणांना होते? मी स्वतः बी.ए.ला असताना ते एकदाही केले नव्हते.

हा लाभ मी डोळ्यांनी पाहिला आहे. ढेबेवाडीकडच्या डोंगरातली एक विद्यार्थिनी, घरात रेंज नाही म्हणून टेकाडावर चढून धडे उतरवून घ्यायची आणि रात्री घरी ऐकायची. महाविद्यालय उघडल्यावर भेटली तेव्हा म्हणाली, "सर, पानिपत मी चारदा ऐकलं. तुम्ही थांबलात ना, तिथं दर वेळी 'नाही कळलं' असं म्हणत होते." तिला अडलेली गोष्ट साधी होती. मराठ्यांची रसद तुटली म्हणजे नेमके कुठे आणि कशी तुटली, हे तिला हवे होते. फळ्यावर नकाशा काढून यमुना, दिल्ली आणि पानिपत दाखवले, तिथे पाच मिनिटांत उलगडा झाला. पण त्या पाच मिनिटांसाठी तिला कित्येक महिने थांबावे लागले.

तेव्हापासून मी दर शनिवारी एक तास मोकळा ठेवतो. मुलांनी धडा घरी पाहून यायचे, आणि वर्गात फक्त अडलेले विचारायचे. पहिले दोन शनिवार कोणी तोंड उघडले नाही. मग शंका चिठ्ठीवर लिहून मागवल्या, तेव्हा ढीग पडला. आता तो तास पुरत नाही.

यात एक काटा आहे, तोही सांगतो. आमच्यातले अनेक तरुण अध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात. जितके तास घेतले तितकेच पैसे. त्यांतला एकजण मला म्हणाला, "सर, माझा तास एकदा टिपून ठेवला, की पुढच्या वर्षी मला बोलावतील कशाला?" त्याला धीर यावा म्हणून मी 1956 ची हकिगत सांगितली. नुसत्या रेडिओने काम झाले नाही, टिपणे घेणारा आणि बोलते करणारा माणूस लागलाच, हे चांगले रंगवून सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या टिपणं घेणाऱ्याला मानधन काय होतं, सर?"