खारीच्या पाठीवरची बोटे

खारीच्या पाठीवर पट्टे का, कावळा मान वाकडी करून का बघतो, वानराचे तोंड काळे का, अशी कारणे सांगणाऱ्या लोककथा मराठी मुलखात पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. त्यांतल्या घट्ट रुजलेल्या बऱ्याचशा रामकथेच्या आहेत. जालना जिल्हा १९८१ सालचा, पण त्याचा गोदाकाठ रामकथेचा जुना मुलूख आहे. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, तिथे एकनाथांनी भावार्थ रामायण रचले. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये समर्थ रामदास जन्मले. खुद्द जालना शहर पूर्वी जनकपूर होते, सीता तिथे राहिली आणि पुढे एका धनिक विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, धंद्यावरून त्याचे नाव जालना पडले, अशी आख्यायिका आहे. ही नावाची गोष्टही खारीच्या गोष्टीच्याच जातीची.

सेतू बांधताना खार वाळूत लोळायची आणि अंगाला चिकटलेली वाळू दगडांच्या फटींत झटकायची. रामाने तिला उचलून पाठीवरून तीन बोटे फिरवली, ती तशीच उमटली. वाल्मीकी रामायणात ही गोष्ट नाही. सेतूसाठी धडपडणाऱ्या खारी तमिळ आळ्वार संतांच्या भक्तिरचनेत मात्र भेटतात, तेव्हा कथा दक्षिणेकडून वर आली असावी. दक्षिणेतल्या खारीला पट्टेही तीनच. उत्तरेकडच्या खारीला पाच असतात. महाराष्ट्रात दोन्ही जाती आढळतात. कथेतली बोटे तीनच राहिली. वर्गणी देताना मराठी माणूस ज्याला 'खारीचा वाटा' म्हणतो, तो इथलाच.

कावळ्याची कथा मात्र थेट वाल्मीकींच्या सुंदरकांडातली. सीतेला चोच मारणाऱ्या कावळ्यावर रामाने दर्भाची काडी मंत्रून सोडली. तिन्ही लोकांत कोणी थारा देईना, तेव्हा तो शरण आला आणि उजव्या डोळ्यावर सुटला. लोकसमजुतीने त्यात भर घातली: कावळ्याला बुबुळ एकच, ते हवे त्या डोळ्यात फिरते. संस्कृत पंडितांनी यावरून, एकच शब्द दोन्हीकडे लागू पडतो हे सांगणारा, 'काकाक्षिगोलक न्याय' बनवला. या समजुतीमागचे निरीक्षण पक्के आहे. कावळ्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे कठड्यावर बसून भाकरीचा तुकडा न्याहाळताना तो आधी एक बाजू वळवतो, मग दुसरी.

लंका पेटवताना मारुतीचे तोंड होरपळले, म्हणून वानर काळतोंडे झाले. त्यांचे हातपायही काळे असतात, पण कथा तोंडापाशीच थांबते. सापाची दुभंगलेली जीभ महाभारतातली. गरुडाने दर्भावर ठेवलेला अमृतकुंभ इंद्राने पळवला, नागांनी नुसते दर्भच चाटले आणि त्या धारेने जिभा चिरल्या.

जालना जिल्ह्यातल्याच अंबडला तर डोंगरच माशाच्या आकाराचा दिसतो. त्यावरच्या देवीचे नाव मत्स्योदरी.